ओलीचा हिशेब : बुलढाणा जिल्ह्यातील शेती आणि पाणी यांचा इतिहास

भात हे बुलढाणा जिल्ह्याचे पीक नाही, आणि ते तसे का नाही याचे उत्तर केवळ पर्जन्यमानाच्या तक्त्यात मिळत नाही; ते या जिल्ह्याच्या जमिनीत, तिच्या खालच्या पाण्यात आणि कित्येक पिढ्यांनी त्या दोहोंविषयी जमवलेल्या जाणतेपणात शोधावे लागते. एक किलो साळ पिकवण्यासाठी पाऊस आणि सिंचन मिळून शेताला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागते असे मानले जाते, कारण भाताच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिखलणीपासून दाणा भरेपर्यंत पाणी उभे ठेवण्याची रीत असून त्यातला मोठा वाटा पिकाच्या मुळांना न मिळता बाष्प होऊन उडून जातो किंवा खाली झिरपतो. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे वर्षाला १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर बुलढाण्यात तो सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास राहतो आणि तोही ठरल्या वेळी पडेल याची खात्री नसते. एकाच विदर्भाच्या या दोन टोकांना पाण्याच्या दोन अगदी निराळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या. पूर्वेकडे पाणी तलावात साठवून बांधीत उभे केले गेले, आणि पश्चिमेकडे, म्हणजे बुलढाण्यात, ते मुख्यतः मातीतच साठवले गेले. हा दुसरा मार्ग डोळ्यांना दिसत नसल्यामुळे पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात त्याची नोंद फारशी झालेली नाही, पण जिल्ह्याच्या शेतीचा कणा तोच होता.

जिल्ह्याची रचना समजून घेतल्याशिवाय हे उलगडत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा जिल्ह्याला मधोमध कापतो आणि लोकांच्या बोलण्यात आजही त्यावरूनच 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन मुलूख पडतात. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडच्या याच विभागणीला बालाघाट आणि पयनघाट म्हटले आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके येतात, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे पूर्णा नदीच्या खोऱ्यात घाटाखाली पसरले आहेत. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, आणि घाटाखालचा पाऊस पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्र गाठतो. घाटमाथ्याच्या दोन उतारांवर पडणारे पाणी असे देशाच्या दोन किनाऱ्यांना लागते, म्हणजेच दोन्हीकडून ते जिल्ह्याबाहेर निघून जाते. घाटमाथ्यावरच्या, नद्यांच्या उगमाकडच्या मुलखाचे हे भाग्यही आहे आणि अडचणही, कारण वरून वाहून येणारे पाणी त्याच्या वाट्याला थोडेच येते व जे काही अडवायचे ते पडल्या जागीच अडवावे लागते.

घाटावर पाणी ओळखण्याची आणि अडवण्याची परंपरा जुनी आहे. लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात, जिथे उल्कापाताने बेसॉल्ट खडकात खोल वाटी तयार झाली, तिथे तळाशी क्षारयुक्त सरोवर आणि काठावर गोड पाण्याची अखंड धार असे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. धारेवर तीर्थ उभे राहिले आणि सरोवराच्या क्षारांवर व्यापार. अकबराच्या काळातील 'आईन-इ-अकबरी'त मेहकरच्या वर्णनाच्या ओघात लोणारचा उल्लेख येतो, आणि तिथल्या डोंगरांत काच व साबण तयार करण्यासाठी लागणारे पदार्थ मिळतात असे नोंदले आहे. पाण्यातील क्षार हा बुलढाण्याच्या इतिहासातील नवा प्रश्न नाही हे त्यावरून कळते. फरक एवढाच, की लोणारला तो उत्पन्नाचा विषय होता आणि पूर्णाकाठी तो पुढे आपत्तीचा झाला.

सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण जाधवांच्या या गावाचा पाण्याचा वारसा तितक्या आदराने पाहिला जात नाही. गावाजवळचा मोती तलाव, पाण्याच्या मधोमध इमारत असलेला चांदणी तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव, म्हणजे पायऱ्यांनी तळापर्यंत उतरता येणारी विहीर, या तिन्ही रचना एकत्र पाहिल्या तर त्यांत एक विचार दिसतो : तलावाने पावसाळ्याचे पाणी थोपवायचे, ते जमिनीत मुरवायचे, आणि खालच्या अंगाच्या विहिरींनी व बारवांनी ते उन्हाळ्यात परत द्यायचे. जिजाबाईंचे वडील लखुजीराव जाधव १६२९ मध्ये देवगिरीला मारले गेले आणि लगेच १६३०-३२चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला, ज्यात गावेच्या गावे ओस पडली. अशा काळाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या घराण्याने पाण्यावर पैसा खर्च केला होता ही गोष्ट त्यांच्या राजकारणाच्या तपशिलांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

तरीही या तलावांमुळे जिल्ह्याची शेती बागायती झाली असे म्हणता येणार नाही. मराठी महसुली परिभाषेत विहिरीवर मोट लावून भिजणाऱ्या जमिनीला मोटस्थळ, पाटाने भिजणाऱ्या जमिनीला पाटस्थळ आणि केवळ पावसावर पिकणाऱ्या जमिनीला जिरायत म्हणतात. बुलढाण्यात पहिल्या दोन प्रकारांची जमीन गावालगतच्या मळ्यांपुरती राहिली. तिथे मिरची, भाजीपाला, थोडा ऊस व्हायचा. बाकी सारा शिवार जिरायत. जिरायत म्हणजे पाण्याचा विचार नसलेली शेती असा समज शहरी वाचकात रुजला आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. खोल काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी खोलवर उतरते. पूर्णाकाठच्या भारी जमिनी पावसाळ्यात पेरायच्याच नाहीत, वखराच्या पाळ्या देऊन तण मारायचे, पृष्ठभाग भुसभुशीत ठेवून पडेल ते पाणी आत घ्यायचे, आणि पावसाळा सरताना वाफसा येताच, म्हणजे माती पेरणीजोगी ओली पण हाताला न चिकटणारी झाली की, तिफणीने ज्वारी, हरभरा किंवा गहू पेरायचा, अशी रीत होती. बन्सी जातीचा गहू या भागात एकही पाणी न देता, निव्वळ ओलीवर पिकत असे. उभ्या पिकात डवरा, म्हणजे कोळपे, फिरवायचा तोही तणासाठी आणि त्याहून अधिक भेगा बुजवण्यासाठी, कारण भेगांतून ओल उडून जाते. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण याच अनुभवातून आली आहे. या पद्धतीत तलाव, कालवा, तोटी काहीच नाही, आणि तरी तीत पाण्याचा हिशेब एखाद्या कालवा-निरीक्षकाच्या वहीइतका काटेकोर आहे.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८६७ मध्ये त्याचे ठाणे बुलढाण्याला आले. महसुलाची पद्धत मुंबई इलाख्याच्या धर्तीवरची रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर-शेगाववरून नागपूरकडे गेली, आणि १८७० मध्ये जलंबहून फाटा काढून खामगावच्या कापूसपेठेला रेल्वे जोडण्यात आली. कापूसही ओलीवरच येतो, म्हणून तो या जमिनीला परका नव्हता. परंतु ज्वारी घरात राहते आणि कापूस बाजारात जातो. लोहमार्गाने धान्य बाहेरून येऊ शकते या भरवशावर शेतात कापूस वाढत गेला, आणि १८९६-९७ व त्यापाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले तेव्हा धान्य आले तरी ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. दुष्काळानंतर १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने देशभर फिरून पाहिले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत मध्य प्रांतात जी मोठी कामे झाली, आसोलामेंढा, घोडाझरी, नलेश्वर, बोदलकसा, चोरखमारा, ती सगळी भाताच्या मुलखात झाली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्याच कारभारात होते, पण काळ्या जमिनीचा शेतकरी कालव्याचे पाणी मागत नाही असा सरकारचा अनुभव होता. अनुभव खरा होता. त्यामागचे कारण शेतकऱ्याचा आळस नसून त्याची जमीन होती.

ते कारण सर्वांत स्पष्ट दिसते ते खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला असून बुलढाण्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा आणि मलकापूर या तालुक्यांची बरीच गावे त्यात येतात. भूगर्भातील हालचालींनी खचलेल्या या खोऱ्यात सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांवरून आलेला गाळ शेकडो मीटर जाडीने साचला आहे. त्या गाळात चिकणमातीचे प्रमाण मोठे, उतार जवळजवळ नाही, आणि खालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. खडकांच्या झिजेतून सुटलेले क्षार त्यामुळे वाहून न जाता हजारो वर्षे तिथेच साठत राहिले. अकोला जिल्ह्यात दहिहांड्याच्या आसपास तर खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा इंग्रजी अमलापूर्वी चालत असे. ज्या पाण्याचे मीठ होते ते पाणी पिकाला घालू नये हे तिथल्या माणसाला सांगावे लागले नव्हते, आणि म्हणूनच पट्ट्यातील शेती पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या ओलीपलीकडे गेली नाही. पिण्याचे पाणी मात्र रोजचा वनवास होता. गोड पाण्याची एखादी विहीर चार गावांना पुरवावी लागे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा संयम सुटला. १९७२-७३च्या दुष्काळानंतर पाझर तलाव आणि विहिरी यांची कामे रोजगार हमीतून वाढली, खोल विंधन विहिरी घेणारी यंत्रे आली, वीजपंप आले, आणि संकरित बियाणे पाणी मागू लागले. १९७२च्या कामांनी घाटावरच्या अनेक गावांना जीवदान दिले हे निर्विवाद आहे. घाटाखाली मात्र जिथे जिथे खारे पाणी उपसून शेताला दिले गेले तिथे काही वर्षे उत्पन्न वाढले आणि मग जमीन बसली. त्याचे शास्त्र असे, की खाऱ्या पाण्यातील सोडियम मातीच्या बारीक कणांना चिकटून त्यांची एकमेकांवरची पकड सोडवतो. सुटे झालेले कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी ना खाली जाते ना वर येते, पावसाळ्यात शेत पाणथळ होते आणि उन्हात दगडासारखे कडक. ज्या भेगांवर आणि छिद्रांवर ओल साठवण्याची सारी जुनी पद्धत उभी होती, तीच या पाण्याने निकामी केली. अशी जमीन पुन्हा लागवडीला आणण्यासाठी जिप्सम टाकावे लागते, म्हणजे त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि मोकळा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाण्यासाठी निचऱ्याचे चर खोदावे लागतात. चर नसतील तर जिप्सम टाकूनही उपयोग नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या पट्ट्यासाठी शेततळी, उताराला आडवी पेरणी आणि सरी-वरंब्याची शिफारस केली आहे, आणि तिचा गाभा जुन्याच शहाणपणाचा आहे : जमिनीखालच्या पाण्याला हात न लावता वरचे गोड पाणी धरून ठेवणे आणि पिकाच्या नाजूक वेळी एखादे संरक्षित पाणी देणे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची शेकडो गावे घेण्यात आली, हे या भागाच्या वेगळेपणाला मिळालेले उशिराचे पण योग्य असे स्थान होय.

पूर्व विदर्भाची गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून, आणि विशेषतः कोहळी समाजाच्या हातांनी, हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतापुरत्या लहान तळ्या, बांधल्या गेल्या. नवेगाव बांधचा तलाव त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पुढे मालगुजारी पद्धतीत गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे त्यांची मालकी आणि देखभाल गेली, म्हणून त्यांना मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, टाकण्यापासून रोवणीपर्यंत आणि पाऊस ओढ देईल तेव्हा दाणा भरेपर्यंत या तलावांनी भाताला हात दिला. पाळ दुरुस्त करणे आणि गाळ काढून शेतात टाकणे ही गावाची कामे होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, जी जायलाच हवी होती, पण तलाव सरकारजमा झाल्यावर त्यांची काळजी कोणी घ्यायची हे मात्र नीट ठरले नाही. गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली, आणि भाताचा शेतकरी विंधन विहिरीकडे वळला. बुलढाणाही तेव्हा या जिल्ह्यांबरोबर मध्य प्रदेश राज्यातच होता. रयतवारीमुळे तिथे मालगुजार कधी नव्हता, म्हणून तलाव राखण्याची जबाबदारी असणारी गावपातळीवरची व्यवस्थाही तितकी घट्ट नव्हती. दोन निराळ्या वाटांनी दोन्ही प्रदेश एकाच ठिकाणी येऊन पोहोचले : पाणी राखणारे गाव मागे पडले आणि पाणी उपसणारा एकटा शेतकरी पुढे आला.

स्वातंत्र्यानंतर बुलढाण्यात धरणे झाली. मोताळा तालुक्यात नळगंगा, पैनगंगेवर पेनटाकळी, देऊळगाव राजाजवळ खडकपूर्णा, आणि नांदुरा तालुक्यात पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प, ज्याचे काम १९९०च्या दशकापासून चालू असून अद्याप अपुरे आहे. घाटावरच्या धरणांनी चिखली-मेहकरच्या बाजूला रब्बीचा आधार वाढवला. गेल्या दशकातील सर्वांत हुशारीचे काम मात्र धरणाचे नव्हते. राष्ट्रीय महामार्गांच्या रुंदीकरणाला माती-मुरूम लागतो तो नव्या खाणीतून न घेता जुन्या तलाव-नाल्यांच्या पोटातून घ्यायचा, म्हणजे रस्त्याला भराव मिळतो आणि गावाला वाढीव साठा, तोही वेगळा खर्च न करता, असा हा उपक्रम 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने राज्याबाहेरही पोहोचला. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने यंत्रे देऊन जिल्हाभर गाळ काढण्याचे जे काम केले त्याचीही यात भर पडली. भाताच्या मुलखातील गावकरी तलावातला गाळ स्वतःच्या शेतात नेत असत, 'बुलढाणा पॅटर्न'मध्ये तो रस्त्यात गेला एवढाच फरक.

आता या दोन मुलखांना जोडणारा कालवा प्रस्तावित आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले ते मुख्यतः भातउत्पादक पूर्व विदर्भासाठी. त्याच धरणातून सुमारे ४२७ किलोमीटरचा कालवा काढून नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला असे जिल्हे ओलांडत पाणी बुलढाण्यातील नळगंगेपर्यंत आणायचे, असा वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प असून राज्य मंत्रिमंडळाने २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याला मान्यता दिली. खर्चाचा अंदाज सुमारे ८७ हजार कोटी रुपये आणि अपेक्षित सिंचन सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर. ज्या जिल्ह्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात त्या जिल्ह्याला हे पाणी नको असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण कालव्याच्या टोकाला खारपाणपट्टा आहे, आणि महाराष्ट्राला कालव्याने जमीन बिघडण्याचा अनुभव शतकाहून जुना आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच उसाच्या शेतांखालची पातळी वर येऊन कालव्यालगतच्या जमिनी चिबड होऊ लागल्या, म्हणजे पाणी धरून क्षार वर फुटू लागले. सांगली-कोल्हापूरकडे आज हजारो एकर जमीन अशीच गेली आहे. तिथे माती मुळात खारी नव्हती. पूर्णाकाठी ती आधीच खारी आहे, आणि निचऱ्याला वाट नाही. गोड पाणीही तिथे बेताने दिले नाही तर ते खालच्या खाऱ्या पाण्याला वर उचलेल, आणि मुबलक पाणी आले की जास्त पाणी पिणारे पीक येतेच, हा नीरेच्या काठाचा धडा आहे.

भाताच्या मुलखातही आता बांधीत कायम पाणी उभे न ठेवता आलटून-पालटून ओलावा देण्याची पद्धत कृषितज्ज्ञ सुचवतात, कारण त्यात पाणी वाचते आणि उत्पन्न राखता येते. ज्या खोऱ्यातून पाणी पश्चिमेला पाठवायचे आहे तिथे आधी ते असे वाचले पाहिजे, नाहीतर एका तहानेच्या जागी दुसरी तहान उभी राहील. घेणाऱ्या जिल्ह्यात कालव्याचे पाणी हेक्टरमागे नव्हे तर मोजून, घनमीटरने दिले गेले पाहिजे. ते ठिबक आणि संरक्षित सिंचनापुरते राखले पाहिजे. आणि पूर्णेच्या खोऱ्यात कालव्याची पहिली चारी खोदण्याआधी निचऱ्याचे चर खोदून त्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे.